पट्ट्यातली आई

हत्तीच्या पिल्लाला आई लागते, हे मला कळतं. मी काही दगड नाही. पण त्या आईसाठी माझीच बहीण का लागावी, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कुंदा माझी धाकटी. माझी गडहिंग्लजला पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून माझा सूर कायमचा चढलेला, त्यामुळं आक्का भांडतेय असं लोकांना वाटतं. मी भांडत नसते, बोलत असते. कुंदा बरोब्बर उलट, तोंडातल्या तोंडात बोलणारी. नवरा दुबईला, पैसे येतात, माणूस येत नाही. पदरात एकच पोरगी, मिनू, आठ वर्षांची, आणि जिभेनं थेट माझ्यावर गेलेली. मला मूलबाळ नाही. मिनूला माझ्या मागं-मागं फिरताना बघून शेजारणी म्हणायच्या, माय मरो पण मावशी जगो. मी वरून रागवायची आणि आतून खूश व्हायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मिनूनं हत्तीच्या पिल्लांचा हट्ट धरला. चंदगडच्या पुढं, तिलारीच्या जंगलाला लागून, पोरक्या पिल्लांचा निवारा निघाला होता. आम्ही तिघी एसटीनं गेलो. बिनड्रायव्हरची एसटी होती, पण कंडक्टर होता. घाटात गाडी आपली आपण वळणं घेत होती आणि कंडक्टर रिकाम्या सीटकडं बघून दर वळणाला हात जोडत होता.

निवारा म्हणजे लोखंडी कुंपणातली चार-पाच पिल्लं. कुणाची आई विहिरीत पडून गेलेली, कुणाची रेल्वेखाली. सगळ्यांत लहान बकुळा. तिची आई उसाच्या कुंपणात सोडलेल्या करंटला चिकटून मेली होती, आणि बकुळा तिच्या अंगाला टेकून दिवसभर उभी होती म्हणे. अंगावर तांबूस केस, कान केळीच्या पानासारखे फाटके, आणि सोंडेचं नेमकं करायचं काय हे न कळल्यासारखी ती सारखी हलवत होती. मिनू तर कुंपणाला चिकटलीच.

तिथले मुख्य डॉक्टर टेंबे. पुण्याचे, पण माणूस बरा. त्यांनी आम्हाला सावलीत बसवून सगळं समजावलं.

"हत्ती एकमेकांशी बोलतात ते आपल्याला ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "आपला कान जिथं संपतो, त्याच्या खाली त्यांचा आवाज सुरू होतो. लांबचा ढोल कसा कानाआधी छातीत जाणवतो, तसा. हवेतून जातो, जमिनीतूनही जातो. पिल्लू तो तळपायांनी ऐकतं. आईचा आवाज आणि आईचा वास, या दोन गोष्टी म्हणजे त्याच्यासाठी आई. त्या गेल्या की दुधाची बाटली तोंडात धरली तरी पिल्लू पीत नाही. उपाशी मरतं."

हत्ती गावाकडं यायला लागले की लोकांना आधी कळावं, म्हणून जंगलात झाडांवर माईक लावलेले होते. त्यात बकुळाच्या आईचा आवाज वर्षानुवर्षं साठला होता. डॉक्टरांनी यंत्राला तो शिकवला. नुसता साठवलेला आवाज वाजवायचा नाही. बकुळा हाक मारील ती ऐकायची, आणि आई जिवंत असती तर तिनं काय उत्तर दिलं असतं ते तयार करून द्यायचं. त्या हत्तिणीच्या कानशिलाजवळच्या ग्रंथीचा वास प्रयोगशाळेत बनवून कापडात मुरवला. हे सगळं मिळून झाला एक पट्टा, छातीपासून कमरेपर्यंत बांधायचा.

"म्हणजे जी बांधील ती आई?" मी विचारलं.

"हो. आणि हा एकतर्फी नाही. बकुळा जे बोलते ते पट्टा बांधणाऱ्याच्या बरगड्यांत उतरवतो. ऐकू येत नाही, पण जाणवतं."

निवाऱ्याचा खर्च भागावा म्हणून त्यांनी पट्टा पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. तासाभराची आई. बायका रांगेत उभ्या, हातात फोन. संध्याकाळी निवारा बंद झाला की पट्टा आतल्या खोलीत सोडायचा. मग बकुळा जी किंकाळी फोडायची ती फाटकापर्यंत जाऊ नये म्हणून बाहेर कर्ण्यावर गाणी लावायचे. रोज संध्याकाळी त्या पिल्लाची आई मरत होती, आणि रोज सकाळी नवी तिकिटं फाटत होती.

"बंद करायचंय हे," टेंबे खाली बघत म्हणाले. "पण बंद केलं तर दूध कशातून आणू?"

मिनूची उंची कमी पडली, पट्टा बसेना, म्हणून कुंदानं बांधला. माझ्याच तोंडासमोर झालं. बकुळा लांब उभी होती. तिनं एकदम कान उभे केले, दुडुदुडु धावत आली, कुंदाच्या पोटात डोकं खुपसलं, सोंड तिच्या कमरेला घातली आणि डोळे मिटले. कुंदा आधी दचकली. मग तिचा चेहरा असा झाला की मी मान वळवली. सख्ख्या बहिणीचा असला तरी काही चेहरे बघू नयेत.

"आई, पिल्लाला मी हात लावू?" मिनू विचारत होती. "आई? ए आई!"

कुंदाला ऐकूच आलं नाही. तास संपल्यावर आतल्या खोलीत नेऊन पट्टा आम्हा दोघींना ओढून सोडवावा लागला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडत होती.

"काय झालं गं?"

"आक्का, मला आजवर अशी हाक कुणी मारली नाही," ती म्हणाली.

मांडीवर मिनू झोपलेली होती, आणि ही बया असं बोलत होती. मला राग आला. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल.

कसलं उतरतंय! पुढच्या आठवड्यात ती परत गेली. मग परत. गणपती आले तेव्हा ती तिथंच राहायला गेली होती, आणि मिनूचं दप्तर, वह्या माझ्या घरी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडं हत्ती आला.

टेंब्यांना बरंच वाटलं. रोज आई बदलण्यापेक्षा एकच आई बरी. बकुळा बाटलीनं दूध प्यायला लागली, अंगानं भरली, आणि तिकिटाची रांग त्यांनी खरंच बंद केली. मात्र कुंदाला त्यांनी एकदा समोर बसवून सांगितलं, मी तिथंच होते. "ताई, बाळंतिणीला पान्हा फुटताना अंगात जे रसायन तयार होतं ना, ते या कंपनानं तुमच्या अंगात तयार होतंय. आम्ही हे धरलंच नव्हतं. याची चटक लागते. तुम्ही मध्ये-मध्ये घरी जात चला."

कुंदा हसली. "चटक काय डॉक्टर? लेकराची कुणाला चटक लागते का?"

"लेकरू गडहिंग्लजला आहे तुझं," मी म्हटलं.

"मिनूचं माझ्यावाचून अडत नाही, आक्का. तू आहेस, शाळा आहे, मैत्रिणी आहेत. हिचं अडतं."

सणकन कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण तिच्या अंगावर पट्टा होता आणि बकुळा शेजारीच होती.

दर रविवारी मी मिनूला घेऊन जायची. गेल्यावर जाळीच्या अलीकडं बसायचं. कुंदाला दुसऱ्या कुणाला शिवायची मनाई. बिनवासाचा साबण, तिथलेच कपडे, तिथलंच जेवण. पहिल्याच रविवारी मिनू जाळीचं दार ढकलून धावली, तर कुंदा दोन पावलं मागं सरली.

"लांब हो, लांब! पट्ट्याला तुझा वास लागेल. तिला कळणार नाही मग."

मिनू जागच्या जागी थांबली. माझी ती तिखट पोरगी, कुणाला ऐकून न घेणारी. ती नुसती म्हणाली, "मी सकाळी आंघोळ केलीय आई." जळ्ळं ते यंत्र आणि जळ्ळा तो हत्ती, असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. मिनूला तिची आई परत मिळू दे, नाहीतर मिनू माझी होऊ दे. खरं सांगायचं तर मला दुसरंच जास्त हवं होतं. मी तिच्यासाठी खोली रंगवली, तिच्या आवडीच्या हिरव्या रंगानं. रात्री ती माझ्या कुशीत निजायची, पण निजता निजता विचारायची ते आईचंच. बकुळाला आईनं आज काय खायला दिलं असेल? आई तिला अंगाई म्हणत असेल का?

थंडी पडली आणि जंगलातल्या माईकवर ओळखीचा आवाज आला. बकुळाच्या आईच्या सख्ख्या बहिणीचा कळप तिलारीच्या खोऱ्यात उतरला होता. टेंबे लहान पोरासारखे नाचायचे बाकी राहिले.

"मावशी आहे तिची! दुधाची आहे, घेईल पदरात. चार दिवस थांबतील, मग कर्नाटकात उतरतील. आत्ता गेली तर बकुळा जंगलात वाढेल. नाहीतर जन्मभर या कुंपणात, लोकांच्या फोटोंत."

अडचण एकच होती. बकुळा कुंदाला सोडून कुठं जाणार? पट्टा लपवून एकदा बघितलं होतं, तर ती त्या खोलीच्या दाराशी बसून राहिली होती, दूधपाणी सोडून. आई जिथं दिसेनाशी झाली तिथंच वाट बघायची, एवढंच तिला माहीत.

"आईनंच तिला हाकललं पाहिजे," टेंबे म्हणाले. "वाट बघायचं कारणच उरता कामा नये."

आणि तेव्हा कुंदा बोलली. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलली, याचं श्रेय मी तिला देते. "मिनूचं अंगावरचं तोडताना मी कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. थू थू करायची, रडायची, पुन्हा यायची. मग वळली वरणभाताकडं. तसंच करायचं ना? मला कडू व्हायचंय?"

टेंब्यांनी टेबलावर हात मारला. "अगदी तसंच!"

मीही मान डोलावली. आमच्यात कोण पोर असं तोडलेलं नाही? माझ्या आईनं मला तोडलं, कुंदाला तोडलं. कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. टेंब्यांनी पट्ट्यात आवाज भरला, पिल्लू नको तेव्हा अंगाशी आलं की हत्तीण गुरकावते तो. कुंदाच्या हातात वेताची काठी दिली आणि लांबून बोलता यावं म्हणून कानात एक यंत्र बसवलं.

त्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या मचाणावर मी, मिनू आणि टेंबे. पलीकडच्या काठाला बांबूच्या बेटात मावशी उभी होती, एवढी थोरली की आधी मला ती दरडच वाटली. अलीकडं, काठच्या गुडघाभर पाण्यात कुंदा आणि तिला चिकटून बकुळा. टेंब्यांनी मोबाइलवर बोट दाबलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही. फक्त मचाणाच्या फळीला बारीक थरथर जाणवली. आई लेकराला म्हणत होती, चल नीघ.

बकुळा गोंधळली. मान वर करून तिनं कुंदाकडं बघितलं. कुंदानं तिला ढकललं. ती परत आली. कुंदानं काठी उगारली आणि पाठीवर हाणली.

"हाण," मिनू माझ्या शेजारी हळूच म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे चकाकत होते. "अजून हाण. जोरात."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

दुसरी काठी बसली, तिसरी बसली. बकुळा ओरडली आणि कुंदाच्या दोन पायांत घुसायला लागली. पलीकडून मावशीनं ओढ्यात पाऊल टाकलं, सोंड लांब केली. बकुळानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कुंदा हाणत होती, आणि जेवढी हाणत होती तेवढं ते पोर तिच्या पोटात शिरत होतं. कुंदाही आता ओरडत होती, "जा गं बाई, जा, जा!" सोंड तिच्या कमरेला अशी आवळलेली की कुंदाला धड उभं राहता येईना.

टेंब्यांचा चेहरा पडला. "हे उलटं होतंय," ते पुटपुटले. "मूर्ख आहे मी. घाबरलेलं पिल्लू आईकडं पळतं. भीती आईचीच असली तरी आईकडंच पळतं, कारण त्याला पळायला दुसरी जागा ठाऊक नसते. अहो, कडुनिंब दुधाला लावतात. दूध कडू होतं, आई गोडच राहते, त्याच कुशीत पोर रडून घेतं. आपण आईलाच कडू केलं." ते कुंदाच्या कानातल्या यंत्रावर ओरडले, "ताई, थांबा! मारू नका! जितकं माराल तितकी धरून बसेल!"

कुंदा थांबली. पलीकडं मावशीनं पाऊल मागं घेतलं होतं. कळप वळायला लागला होता.

आणि मग कुंदानं काठी तशीच हातात ठेवून दुसऱ्या हातानं पट्ट्याच्या कळा सोडल्या. आजवर पट्टा कधी बकुळाच्या समोर निघाला नव्हता. बंद खोलीत निघायचा. ही कळ, मग ती कळ. पट्टा गळून ओढ्यात पडला आणि पाण्यात विझला.

बकुळानं डोळे उघडले. तिच्या सोंडेत आई होती आणि आता नव्हती. तिनं कुंदाचं पोट हुंगलं, हात हुंगला, हातातली काठी हुंगली. तिच्या लेखी एक अनोळखी माणूस काठी घेऊन तिच्यासमोर उभा होता, आणि माणसं काय करतात ते तिनं उसाच्या फडात बघितलं होतं. अशी किंकाळी मी जन्मात ऐकलेली नाही. ती फिरली, पाण्यात धडपडली, उठली आणि सरळ मावशीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. मावशीनं तिच्या पाठीवरच्या वळांवरून सोंड फिरवली. बांबू हलले आणि कळप दिसेनासा झाला.

खाली निवाऱ्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. टेंबे चष्मा काढून डोळे पुसत होते. "गेली! घेतली तिला! पहिल्यांदा जमलंय हे!" त्यांनी माझे हात धरून हलवले. मीही हसले. मला काय, माझी बहीण मोकळी झाली होती. आज संध्याकाळच्या एसटीनं दोघींना घेऊन घरी जायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

आम्ही खाली उतरलो. कुंदा ओढ्यातून वर येत होती. ओली, रिकामी, काठी अजून हातात. बकुळा गेली त्या बाजूला मान वळलेली. मिनू माझा हात सोडून धावली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थबकली. सवयच लागली होती पोरीला.

"आई, आता पट्टा नाही ना?" तिनं विचारलं. "आता मी लागले तर चालतंय?"

कुंदा अजून बांबूच्या बेटाकडंच बघत होती. मिनूनं होच समजलं. पुढं झाली, आईच्या कमरेला दोन्ही हात घातले आणि पोटात डोकं खुपसलं. कुंदानं खाली बघितलं. त्या पोटावर कुणाचं डोकं असायला हवं होतं ते तिच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसलं, आणि मी पुढं व्हायच्या आत तिनं मिनूला झिडकारलं.

"सोड. लांब हो म्हटलं ना!"

मिनू पडता पडता सावरली, परत आली. कुंदानं कानाखाली मारली, अशी की टाळ्या वाजवणारी माणसं गप्प झाली. पोरीच्या गालावर चार बोटं उमटली.

"कुंदे!" मी ओरडले. "शुद्धीवर ये! पोटची पोर आहे तुझी!" मग मी तिथंच चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हात पसरले. "मिनू, इकडं ये राजा. मावशीकडं ये. आपण घरी जाऊ. तुझ्या खोलीत जाऊ. ये बाळा."

मिनूनं माझ्याकडं बघितलं. तिला माझं सगळं माहीत होतं: माझी कूस, माझं घर, मी कधी हात उगारणार नाही हे. गालावर हात धरून तिनं क्षणभर बघितलं आणि ती परत वळली. कुंदाच्या कमरेला तिनं मिठी मारली, आधीपेक्षा घट्ट. कुंदा ढकलायला लागली, बोटं सोडवायला लागली, पाठीत धपाटे घालायला लागली. मिनू हुंदके देत तिच्यात आणखी-आणखी शिरत होती.

मी हात पसरून तशीच बसले होते. टेंबे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काहीतरी करा, असं मी त्यांना म्हटलं. काय करणार तेही? कुंदाच्या अंगावर आता काढायला पट्टाच नव्हता.